अळ्या थांबतात तेव्हा

१

थोरलीला अळी म्हटली की शिसारी यायची. कोबीत एक अळी निघाली तर अख्खा गड्डा बाहेर जायचा, असा बाईंचा खाक्या. आणि आता बघा, तिच्याच घरात, कापड बेतायच्या तिच्याच लांब बाकावर, जाळीच्या पाच डब्यांत दोनशे अळ्या नांदत होत्या आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना पेरूची ताजी पानं घालायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. करते काय? धाकटीनं अंथरूण धरलं होतं.

घरात दोघी बहिणीच. थोरली पडदे शिवायची. धाकटी शाळेत शिकवायची आणि तिला पतंगांचं वेड होतं. पतंग इथलाच, फिकट हिरवा, तळहाताएवढा, मागे दोन लांब शेपट्या. पूर्वी दिव्यावर यायचे, आता वर्षात एखादा दिसला तर दिसला. म्हणून धाकटी दरवर्षी कुठून कुठून अंडी मिळवायची, घरात वाढवायची आणि पंख फुटले की झाडीत सोडून यायची. "लोक मांजरं पाळतात, पोपट पाळतात," थोरली म्हणायची, "आमच्या बाईसाहेबांचं सगळंच उफराटं."

या वर्षी अंडी आली आणि त्याच आठवड्यात धाकटीच्या छातीचं दुखणं विकोपाला गेलं.

"ताई, या वर्षी तू कर."

"मी? मेले तरी नाही."

"तू कशाला मरतेस? मरायचा नंबर माझा आहे."

"तुझ्या जिभेला काही हाड आहे का गं?" थोरली म्हणाली आणि कात्री घेऊन पेरूच्या फांद्या तोडायला गेली. धाकटी आठ महिन्यांची असल्यापासून थोरलीनं तिला कडेवर वागवलं होतं. धाकटीला नाही म्हणायची सवय तिला कधी लागलीच नव्हती.

घर म्हणजे तीन खोल्या, एकापाठोपाठ एक. पुढची बसायची-रांधायची, मधली शिवणाची, मागची धाकटीची. मधल्या खोलीत भिंतीला लागून तो बाक. पहिला डबा पुढच्या खोलीच्या दाराशी, पाचवा धाकटीच्या दाराशी. अंडी फुटली त्या दिवसापासून धाकटी पलंगावरून उतरली नव्हती. अळ्या बघायच्या झाल्या तर थोरली डबा उचलून तिच्यापाशी न्यायची.

२

अळ्या खातात त्याचा आवाज येतो, हे थोरलीला माहीत नव्हतं. आधी नाही येत. पण कात टाकून टाकून त्या बोटाएवढ्या झाल्या की दिवसभर बारीक कुरकुर चालू असते. आणि खोलीत काही नवीन झालं की कुरकुर थांबते. पंधरा डोकी, वीस डोकी, सगळी मान वर करून गप्प.

पहिल्यांदा तिनं मशीन चालवलं तेव्हा पाचही डबे असे गप्प झाले. तिनं पाय काढला. घाबरून काही मरतात की काय!

"मरत नाहीत," धाकटी पडल्या पडल्या म्हणाली. "त्यांना कान नसतात. अंगावरच्या केसांना हवा हललेली कळते. प्रत्येकाची हवा वेगळी हलते, ताई. तुझं मशीन वेगळं, तुझी चाल वेगळी."

"माझ्या चालीला काय झालं?"

"काही नाही, हत्तीण येते असं वाटत असेल त्यांना. तीन दिवस थांब. रोज तेच झालं की चौथ्या दिवशी त्या लक्षही देत नाहीत."

आणि झालंही तसंच. चौथ्या दिवशी मशीन धडधडत होतं आणि अळ्या आपल्या खात होत्या. थोरलीच्या चालीची ओळख पटली, दोघींच्या बोलण्याची पटली, धाकटीच्या खोकल्याचीही पटली. तो खोकला पार पाचव्या डब्यापर्यंत यायचा, पण एकही डोकं वर व्हायचं नाही.

फक्त डॉक्टरीणबाईंची ओळख पटेना, कारण त्या शनिवारचा एकच दिवस यायच्या. त्या पुढच्या दारातून आत आल्या की पहिला डबा गप्प. चार पावलं टाकली की दुसरा, मग तिसरा. बाई कुठवर पोचल्या हे थोरलीला मान वर न करता कळायचं. तिला त्याची गंमत वाटायला लागली होती.

अशाच एका शनिवारी जाताना डॉक्टरीणबाई दाराशी थांबल्या. "तुम्ही मोठ्या आहात, म्हणून स्पष्ट सांगते," त्या म्हणाल्या. "आता औषधाचा उपयोग नाही. त्यांना आवडेल ते करू द्या."

थोरली हो म्हणाली, दार लावलं, आणि पुढच्या खोलीत उभ्या उभ्याच पदर तोंडात कोंबून रडली. धाकटीला ऐकू जाऊ नये म्हणून.

३

सोमवारी दुपारी चारला तिनं मशीन थांबवलं. चहाची वेळ. धाकटीचा नुकताच डोळा लागला होता. घरात कुरकुरीशिवाय कसला आवाज नव्हता.

पहिला डबा गप्प झाला.

थोरलीला वाटलं, कुणी आलं. तिनं पुढच्या खोलीकडे पाहिलं. दार लावलेलं होतं, कडी घातलेली. मग दुसरा डबा गप्प झाला. पहिल्यातली कुरकुर पुन्हा सुरू झाली. थोड्या वेळानं दुसऱ्यातली सुरू झाली आणि पहिला पुन्हा थांबला. मग दोन्ही पूर्ववत.

कुणीतरी आत आलं, दुसऱ्या डब्यापर्यंत चालत आलं आणि माघारी गेलं. डॉक्टरीणबाई येतात तसं. एवढंच, की कुणी नव्हतं.

"झोप नाही तुला," ती स्वतःलाच म्हणाली. "डोकं फिरलंय तुझं." आणि चहा टाकायला गेली. चहा उतू गेला.

मंगळवारी चारला ते तिसऱ्या डब्यापर्यंत आलं.

४

"माशी असेल," धाकटी म्हणाली. तिला सगळं सांगितलं नव्हतं, नुसतं अळ्या मधेच थांबतात एवढंच. "एक माशी असते, ती अळीच्या अंगात अंडी घालते. तिला फार घाबरतात त्या. खिडकीला जाळी लाव."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. माशी! एवढंच ना! पडद्याचं कापड घरात ढिगानं होतं. तिनं दोन्ही खिडक्यांना झिरझिरीत कापड ठोकून टाकलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दुपारभर हातात पंखा घेऊन माशी शोधली. माशी नव्हती.

बुधवारी ती चारच्या आधीच उठली आणि तिसऱ्या आणि चौथ्या डब्याच्या मधे, वाटेत, उभी राहिली. बाक आणि समोरची भिंत यांच्यात जागा ती किती! दोन्ही हात पसरले तर एक हात बाकाला लागायचा, एक भिंतीला. तिनं पसरले. आपण काय वेडेपणा करतोय हे तिला कळत होतं. पन्नाशी उलटलेली बाई, भर दुपारी, आपल्याच घरात हात पसरून उभी. कुणी बघितलं असतं तर हसून हसून मेलं असतं.

पहिला डबा थांबला. दुसरा थांबला. तिसरा थांबला.

मग काहीच झालं नाही. तिसऱ्यातल्या अळ्या मान वर करून होत्या, तिच्या हातापासून वीतभरावर. वास नाही, वारा नाही, थंडी नाही की ऊब नाही. तिला पुढे बघायचं होतं, पण नजर डब्यावरून हलेना. तिच्या समोर कुणीतरी उभं होतं आणि वाट देण्याची वाट बघत होतं, एवढं तिला पक्कं कळलं. कसं कळलं, ते विचारू नका.

"जा," ती म्हणाली. "इथे काही नाही तुझं. जा म्हणते ना."

तिच्या पाठीमागे चौथा डबा गप्प झाला.

५

गुरुवारी पाचवा डबाही थांबला, आणि मग पाचही डब्यांतून कुरकुर सुरू झाली. म्हणजे ते परत गेलं नव्हतं. ते धाकटीच्या खोलीत होतं. थोरली धावत गेली. धाकटी झोपली होती. श्वास चालू होता, नखं निळसर, ओठ सुकलेले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

आता आत काय चाललंय हे कळणार कसं? थोरलीला एकच उपाय सुचला. तिनं एकेक करून पाचही डबे मागच्या खोलीत नेले आणि पलंगाच्या भोवती स्टुलांवर मांडले.

"अगं, ही काय आरास?" धाकटीनं डोळे उघडले.

"तुला आवडतात ना? मग बघत पड."

"आणि तुझी शिसारी?"

"चुलीत गेली ती शिसारी. गप पड."

शुक्रवारी चारला दाराजवळचा डबा थांबला, मग पायथ्याचा, मग खिडकीकडचा, मग उशाचे दोन्ही. कुणी पलंगाला फेरी घालून उशाशी येऊन थांबावं, तसं. तासभर एकाही अळीनं पान कुरतडलं नाही. थोरली धाकटीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून बसून राहिली. देवाचं नाव घ्यायचं तिला आठवलं नाही. तिच्या मनात एकच चाललं होतं, हिला नको. हिला सोडून काय हवं ते ने, मला ने, पण हिला नको.

शनिवारी डॉक्टरीणबाई येऊन गेल्यावर तेच. रविवारी तेच, पण जरा कमी वेळ.

सोमवारी चारला थोरली श्वास रोखून बसली. चार वाजले. सव्वाचार झाले. कुरकुर चालूच. साडेचार. एकूण एक अळी पानाच्या कडेवर खाली वर, खाली वर.

ते आलंच नाही! थोरलीनं कपाळ पलंगाच्या कठड्यावर टेकलं आणि ढसाढसा रडली. टळलं. गेलं. आपण बसून राहिलो, हात सोडला नाही, म्हणून गेलं.

"ताई," धाकटी म्हणाली, "मला भूक लागलीय."

तीन आठवड्यांत हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता.

६

त्या आठवड्यात घरात नुसता आनंद होता. धाकटी उठून बसली. भात मागून खाल्ला. ताप गेला आणि खोकला तर असा थांबला की जणू कधी नव्हताच. नखं गुलाबी झाली. थोरलीनं डबे पुन्हा मधल्या खोलीत बाकावर नेऊन ठेवले आणि मशीनवर बसून गुणगुणायला लागली.

शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. अळ्यांनी नेहमीप्रमाणे एकेक डबा करत त्यांना माना दाखवल्या. बाईंनी धाकटीची छाती ऐकली, पुन्हा ऐकली, नळी कानातून काढून फुंकली आणि पुन्हा ऐकली.

"मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण माझी चूक झाली म्हणून मी एवढी खूश कधी झाले नव्हते."

त्याच दुपारी थोरली मशीन थांबवून दोऱ्याचं रीळ बदलत होती. धाकटी मागच्या खोलीच्या दारात उभी होती. आपल्या पायांवर, आधाराशिवाय.

"आले बघ चालत," ती म्हणाली.

"अगं, पडशील! थांब, हात देते!"

"काही नको." आणि ती चालत आली. पाचव्या डब्यापासून चौथ्यापाशी, तिसऱ्यापाशी, सावकाश, पहिल्यापर्यंत. तिथे उभी राहून हसली.

थोरलीही हसली. मग रीळ हातात तसंच राहिलं.

कुरकुर चालू होती. पाचही डब्यांतून, एक क्षणही न थांबता.

"काय गं? काय झालं?" धाकटीनं विचारलं.

"थांबल्या नाहीत," थोरली म्हणाली. "अळ्या. थांबल्या नाहीत."

"का थांबतील? मला ओळखतात."

थोरलीनं रीळ बाकावर ठेवलं. खोकला ओळखतात, बोलणं ओळखतात, हे खरं. पण अंडी फुटल्यापासून धाकटी या खोलीत एक पाऊल चालली नव्हती. तिची चाल यांना नवी असायला हवी होती. बाईंची आहे तशी. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की तीन दिवस उशाशी येऊन थांबलेलं ते चौथ्या दिवशी आलं नव्हतं असं नाही. आलं असेल. अळ्यांना त्याची सवय झाली होती, एवढंच.

७

तिनं स्वतःची समजूत काढली. अळ्या त्या. मोठ्या झाल्यात, कोष करायच्या बेतात आहेत, आता त्यांना कशाचं सोयरसुतक? धाकटीची चाल हलकी, आजारातून उठलेली, हवाच हलली नसेल. अशी दहा कारणं तिनं शोधली आणि एकेकाला धरून दोन दिवस काढले. धाकटी घरभर हिंडत होती, पेरूची पानं स्वतः घालत होती, थोरलीला चिडवत होती. चिडवणंही तेच, हसणंही तेच, डाव्या भुवईचा चाळाही तोच. काय बिघडलं होतं? काही नाही.

तिसऱ्या दिवशी धाकटी पुढच्या खोलीत खिडकीशी वही चाळत बसली होती. थोरलीला ती मशीनवरून दिसत होती. आणि मागच्या खोलीतून खोकला आला.

तोच. आधी दोन लहान, मग एक लांब, शेवटी शिट्टीसारखा.

पाचव्या डब्यातल्या अळ्या खात राहिल्या. त्यांच्या ओळखीचा खोकला होता.

थोरली उठली. मागच्या खोलीत उजेड चांगला होता. पलंग आवरलेला. चादर चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेली, कोपरे घडी घालून बसवलेले, शिवणाऱ्या बाईलाही जमणार नाहीत असे. धाकटीनं जन्मात कधी चादर नीट घातली नव्हती.

पलंग सपाट होता. त्यावर कुणी नव्हतं, चादरीखाली कुणी असावं इतका उंचवटाही नव्हता. फक्त उशीजवळ, वीतभर जागेत, चादरीचं कापड किंचित वर व्हायचं आणि खाली बसायचं. वर, खाली.

"ताई," चादरीखालून आवाज आला. "पाणी दे ना."

थोरलीचा हात चादरीच्या कोपऱ्यावर होता. तो तिथे कधी गेला तिला कळलं नाही. एकच हिसका दिला असता तर कापड निघालं असतं.

"ताई, कुणाशी बोलतेस?" पुढच्या खोलीतून धाकटीनं विचारलं.

"कुणाशी नाही," थोरली म्हणाली.

आणि तिनं हात काढून घेतला.

८

का काढला? लोक म्हणतील घाबरली. घाबरली होतीच. पण खरं कारण ते नव्हतं, आणि ते तिला स्वतःला माहीत होतं.

चादर ओढली आणि खाली काही निघालं, तर जे निघेल ते कुणालाही वाचवता येणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. चार दिवस, फार तर आठ. आणि पुढच्या खोलीत बसलेली होती ती जेवत होती, चालत होती, पुढच्या महिन्यापासून शाळेत जाईन म्हणत होती. ती तिला ताई म्हणत होती. थोरलीनं उशाशी बसून काय मागितलं होतं? ही राहू दे, एवढंच. राहिली होती. मग आता कुठली, असं विचारायला तिला तोंड नव्हतं.

मागच्या खोलीचं दार तिनं ओढून घेतलं. धाकटीनं आपणहून सांगितलं की आपण आता पुढच्या खोलीतच झोपू, इथे हवा चांगली आहे. थोरली बरं म्हणाली.

एकेक करून अळ्यांनी खाणं सोडलं. पानं अंगाभोवती ओढून घेतली, धागा काढला आणि आत गेल्या. कुरकुर रोज थोडी कमी व्हायची आणि तेवढाच मागच्या खोलीतला आवाज जास्त ऐकू यायचा. खोकला आता बारीक झाला होता. मधेच ताई, मधेच पाणी. एकदा नुसतंच, "ताई, आहेस ना गं?"

थोरलीनं मशीनवर जास्त काम घेतलं. शिवण्यासारखं काही नसलं तरी उसवून पुन्हा शिवायची. मशीन चालू असलं की मागचं काही ऐकू येत नाही. तिला रडू यायचं, तेव्हा ती मान खाली घालून शिलाईकडे बघायची. धाकटी येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि काही विचारायची नाही.

शेवटची अळी कोषात गेली त्या दुपारी घर इतकं शांत झालं की मागून येणारा श्वास मोजता आला असता. चार वाजले होते. धाकटी तिच्यासमोर स्टुलावर येऊन बसली, हातात चहाचे दोन कप. मागच्या खोलीत काहीतरी दारापर्यंत सरपटत आलं होतं. दाराच्या खालच्या फळीवर नखं लागत होती, हळू, जोर नसल्यासारखी. लहानपणी थोरली रागावून दार लावून बसली की धाकटी अशीच दार खाजवत बसायची.

"ताई, दार उघड ना. ताई, मी आहे."

थोरलीनं पायडलवर पाय ठेवला. मशीन धडधडायला लागलं. तिनं डोळे घट्ट मिटले आणि जोरात, अजून जोरात पाय मारत राहिली. कापड सुईखालून केव्हाच निघून गेलं होतं, दोरा तुटला होता, सुई नुसतीच वर-खाली होत होती. किती वेळ, तिला माहीत नाही. पोटऱ्या भरून आल्या.

मग तिच्या गुडघ्यावर एक हात आला. गरम, जिवंत हात.

"ताई, पाय थांबव आता," समोरची म्हणाली. आवाजात माया होती. "झालं. चहा घे."